बाटलीवर नसलेला डोळा

"तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही," तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर टेकता टेकताच आजोबांनी बाकीच्या पेशंटसमोर जाहीर केलं, "पण मला काडीचंही दिसत नाही. डॉक्टरबाईंना आत्ता तक्ता वाचून दाखवला ना, तो सगळा तोंडपाठ."

दार अर्धवट उघडं होतं. आत डॉक्टरबाई हात धूत होत्या. त्यांचे हात नळाखालीच थांबले.

आजोबांचा एक डोळा केव्हाच गेलेला. उरलेल्याच्या पडद्याला सूज. महिन्यापूर्वी त्यात इंजेक्शन देताना बाईंनी काही लपवलं नव्हतं. औषध आतड्याच्या कॅन्सरचं, परवानगी तेवढ्यापुरतीच, बाटलीवर डोळ्याचं नाव नाही. डोळ्यांचे डॉक्टर ते सर्रास वापरतात, कायदाही आडवा येत नाही; मात्र पेशंटला सगळं सांगून त्याची सही घ्यायची, आणि उद्या काही बिघडलं तर जाब डॉक्टरनं द्यायचा. औषधाला कुठं ठाऊक आपण आतड्यात आलोय की डोळ्यात, असं म्हणत आजोबांनी ऐटीत सही ठोकली होती.

आज त्यांनी तक्त्यावरची खालून दुसरी ओळ घडाघडा वाचली. बाईंचा जीव भांड्यात पडला. सुधारणा आहे असं लिहून त्यांनी दुसरं इंजेक्शन भरायला सांगितलं होतं.

बाहेर गोष्टीला आता पालवी फुटली होती. मागच्या खेपेला म्हणे आजोबांनी बायकोला तक्त्यासमोर उभं करून अक्षरं वाचून घेतली आणि घरी घोकली. कशासाठी, तर डॉक्टरीण पोर गुणाची, आपल्यापायी तिनं कोर्टाची पायरी का चढावी? आणि न्यायाधीश तर बाटलीलाच पिंजऱ्यात उभं करायचे: बाई गं, तुझ्या अंगावर आतडं लिहिलंय, तू डोळ्यात काय करत होतीस?

बाकावर हशा पिकला. बाईंनी मात्र नळ तसाच सोडला. औषध लागूच पडलं नसेल तर? तो एकच डोळा, आणि त्यात पुन्हा सुई, तीही एका थापेच्या भरवशावर. नर्सला थांबायची खूण करून त्या ओल्या हातांनीच दारात आल्या.

"आजोबा, खरं सांगा. दिसतं की नाही?"

आजोबांनी तोंड उघडलं, पण शेजारी बसलेल्या आजी आधी बोलल्या.

"ह्यांना काय विचारताय, डॉक्टर? थाप मारल्याशिवाय घास उतरत नाही ह्यांच्या गळ्याखाली. मी कसला तक्ता वाचतेय, माझा चष्मा त्या दिवशी घरीच राहिला होता." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि दिसत नाही काय? काल पत्ते खेळताना वाकून माझ्या हातातली पानं कुणी बघितली? राणी माझ्याकडे आहे हे तुम्हाला स्वप्नात कळलं?"

आजोबा छताकडे बघू लागले.

आत नळ वाहतच होता. डॉक्टरबाईंनी नर्सला इंजेक्शन भरायची खूण केली आणि पुन्हा हात धुवायला घेतले.