वरून पाहिलेली राई

‘राईतलं पान बाय, तोडू नको हाती,
आई बघते वरनं, मोजते राती.’

भात लावताना सासू म्हणायची ती ओवी हौसाच्या कानात आज उगाच घुमत होती. सासू जाऊन किती पावसाळे झाले. समोर देवळाच्या सभामंडपात सतरंजीएवढा फोटो पसरला होता आणि सगळी वाडी त्यावर ओणवी झाली होती.

दापोलीहून आलेल्या वेदिकामॅडमनी मागच्या आठवड्यात वरच्या कातळी सड्यावरून एक छोटं विमान उडवलं होतं. खेळण्यातलं वाटावं असं, पोटाशी कॅमेरा बांधलेलं. वाडीचा झरा होळीआधीच आटू लागला होता. पाणी कुठं अडवायचं, झाडं कुठं लावायची, ते वरून बघून ठरवायचं होतं.

“ते बघ माझं घर! अंगणातली गोधडीपण दिसते गो.”

“आणि गोधडीशेजारी बाबूचं टक्कल.”

हशा पिकला. बाबूने टोपी कपाळापर्यंत ओढली.

मग मॅडमचं बोट झऱ्याच्या वर, देवीच्या राईवर थांबलं. रस्त्यावरून बघावं तर राई दाट, आत शिरायला माणूस धजू नये अशी. फोटोत मात्र कडेने तेवढी हिरवी झालर होती. मधे सगळी तांबडी, उघडी जमीन.

“ही आतून कोणी तोडली? झरा यानेच आटतोय. तक्रार करावी लागेल. नाव सांगा.”

हसू विरलं. कुणीतरी मागून म्हणालं, “बाहेरचे येतात, मॅडम. पूर्णगडला होड्या बांधतात, त्यांना लाकूड लागतंच की.”

सगळ्या नजरा पायरीवर बसलेल्या नझीरकडे वळल्या. पूर्णगडचा नझीर. मॅडमचं सामान त्याच्याच टेम्पोतून आलं होतं. हौसाच्या नवऱ्याला रत्नागिरीच्या दवाखान्यात नेलं तेही त्याच टेम्पोतून, आणि परत आणलं तेही.

“मी टेम्पो चालवतो, भाऊ,” नझीर एवढंच म्हणाला. हातातला चहा तसाच राहिला.

मॅडमनी पेन काढलं.

हौसाला आपल्या घराचं आढं दिसू लागलं. ते राईतल्या ज्या झाडाचं होतं, त्या एका झाडासाठी तिने देवीला कौल लावला होता. मूर्तीवरचं फूल उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. ‘आईने दिलं गो तुला,’ हरिश्चंद्र गुरव म्हणाला होता, आणि ती मान खाली घालून घरी गेली होती. तेव्हापासून तिला उताणं झोपवत नव्हतं. डोळे उघडले की वर तेच आढं.

“नझीरने नाय तोडलं,” ती म्हणाली. “एक झाड मी नेलं.”

“ते आईने दिलेलं,” हरिश्चंद्र घाईघाईने म्हणाला. “फूल उजवं पडलं होतं.”

“डावं पडलं होतं, हरीदादा. तुला माझी दया आली, म्हणून तू उजवं म्हणालास. मला आढं पायजे होतं, म्हणून मी गप ऱ्हायले. पडताना बघितलं होतं मी.”

हरिश्चंद्र गाभाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला. जो तो फोटोतल्या तांबड्या जमिनीकडे बघत होता, तिथे आपलं काही सांडल्यासारखा.

बाबूने टोपी काढून हातात घेतली.

“आमचं पन,” तो म्हणाला, “डावंच पडलेलं.”