मुद्देमालातला आवाज

"तुम्ही माझ्या बापाचा आवाज कोंडून ठेवलाय, साहेब!" कल्याणी फौजदारांच्या टेबलापुढे उभ्याउभ्याच म्हणाली.

फौजदारांनी मान वर केली नाही. "इथे माणसं कोंडतो, ताई. आवाज नाही. केस काय ते बोला."

विश्रांतवाडीत तिचं सायबर कॅफे. चोरीच्या सिनेमांची तक्रार आली, दोन महिन्यांपूर्वी धाड पडली आणि तिन्ही कॉम्प्युटर उचलून नेले. गिऱ्हाइकांनी उतरवलेले दोन सिनेमे सापडलेही. तिने ते नाकारलं नव्हतं. पण एका मशीनमध्ये तिच्या वडिलांची, सुखदेवांची, चाळीस भीमगीतं होती. जन्मभर कारखान्यात फिटर, जयंतीला मंडपात गाणारा माणूस. मागच्या वर्षी गेले. कॅसेटींना बुरशी लागलेली. मशीनमध्ये भरता भरताच फिती तुटल्या. मग तिने ती गाणी टोरेंटवर सोडली, नेटवर कुणीही एकमेकांकडून उतरवून घ्यावीत म्हणून. दहा गावांत पसरली की कुणाच्या बापाला पुसता येणार नाहीत, असं तिला वाटलं होतं.

"तासभर ते मशीन नेटला लावू द्या. तुमच्या डोळ्यांसमोर. गाणी उतरवून घेणारे सतरा जण अडकलेत. नागपूर, नांदेड, एक तर दुबईत. सगळ्यांचं एक्क्याण्णव टक्क्यांवर थांबलंय."

"सतरा आहेत ना? मग एकमेकांकडून घ्या म्हणावं."

"तेच तर करतात! फाइलचे तुकडे होतात, साहेब. ज्याला जो मिळाला, तो तो पुढच्याला देतो. पण शेवटचे तुकडे नुसते माझ्याकडे होते. ते कुणाला पोचायच्या आत तुम्ही वायर उपटलीत. जे कुणाकडेच नाही, ते कोण कुणाला देणार?"

"म्हणजे टोळीच की ही!" फौजदार हसले. "घ्या लिहून, दिगंबर. सतरा साथीदार. एक दुबईत."

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर हवालदार दिगंबर एका बोटाने टाइप करू लागला. कल्याणी वळली. त्याच्या मशीनच्या डब्यावर निळ्या धम्मचक्राचं स्टिकर होतं, नखाने अर्धवट खरवडलेलं.

"हे माझं आहे."

"मुद्देमाल आहे," दिगंबर म्हणाला. "चौकीचं बंद पडलं, म्हणून तात्पुरतं लावलंय."

ती झेपावलीच. "'बाबा' नावाचं फोल्डर आहे बघा त्यात. उघडा, उघडा ना!"

"ते कुठलं आता? फार रखडत होतं हो. सगळं पुसून नवीन विंडोज टाकलं. आता बघा कसं पळतंय!" मग त्याला काहीतरी आठवलं. "सिनेमे मात्र आधीच सीडीवर काढून ठेवलेत हां. पुरावा आहे तो."

प्रिंटरमधून जबाब बाहेर आला. फौजदारांनी कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. "सही करा."

कल्याणीने पेन उचललं नाही.

"करते. आधी मला सांगा, ते सतरा जण अजून मशीन चालू ठेवून बसलेत. त्यांना मी काय कळवू?"

फौजदार दुसरी फाइल चाळू लागले.

"खाली काय बघताय, साहेब? काय कळवू?"