जुनेर

द्वारकाबाईंच्या आईच्या सुती जुनेराचा शेवटचा फ्रॉक आज नातीच्या खांद्यावर फाटला. झबल्यापासून शकूचं त्या एका जुनेरावरच भागलं होतं. दुसरं कापड अंगाला लागलं की काटे टोचल्यासारखी ती किंचाळे.

द्वारकाबाई शेजारी गेल्या. "हौसे, एखादं जुनेर असेल का गं?"

"न झिजणारा धागा आल्यापासून कुणाचं लुगडं जुनं झालंय, द्वारके? आमच्या घरात जुनी तेवढी मीच."

द्वारकाबाई परतल्या. मऊ पडेल म्हणून वर्षभर त्या एक लुगडं धुण्याच्या दगडावर घासत होत्या. दगड झिजला, लुगडं करकरीतच राहिलं. तरी त्यांनी ते शकूच्या पाठीला हळूच लावून पाहिलं. पोर ओरडत कोपऱ्यात पळाली.

"शाळेत असं उघडं कसं जाशील, बाई?"

बऱ्याच वेळाने शकू जवळ आली. आजीच्या दंडाची सुरकुतलेली, लोंबती कातडी तिने चिमटीत धरली, गालाला लावली आणि शांत झाली.

"आजी," ती म्हणाली, "याचा शिव ना."