सड्याचे फोटो

"फोल्डर रिकामा कसा झाला, ते तूच सांग," मृदुलाताई म्हणाल्या. सड्यावरच्या, म्हणजे गावामागच्या उघड्या पठारावरच्या, कातळात कोरलेल्या चित्रांचे चार वर्षांचे फोटो संशोधन केंद्राच्या सर्व्हरवरून गायब होते, आणि सोमवारी त्याच सड्यावरून जाणाऱ्या रस्त्याची सुनावणी होती. पासवर्ड ठाऊक होता फक्त दोघांना, त्यांना आणि त्यांचा सहायक दिगंबर याला. दिगंबरचा मेहुणा रस्त्याच्या ठेकेदाराकडे कामाला होता. आणखी काय पुरावा हवा?

दिगंबर खुर्ची ओढून संगणकापुढे बसला. आळ येऊनही हा एवढा शांत कसा? ताईंच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. तो सर्व्हरला काल दिलेल्या कमांडची यादी वाचत होता.

"नवी डिस्क तुम्ही जोडलीत?"

"हो. फोटोंच्याच फोल्डरवर. पुढचे फोटो तिच्यात जावेत म्हणून."

"भरलेल्या फोल्डरवर डिस्क अशी जोडली, माउंट केली, की ती झाकणासारखी बसते आणि आतलं दिसेनासं होतं, ताई. जात कुठेच नाही. खाली तसंच असतं." त्याने एक ओळ टाइप करून डिस्क सोडवली. पडद्यावर भराभर फोटो उमटले. हत्ती, मासे, पाय फाकवून उभा असलेला बिनचेहऱ्याचा माणूस.

ताईंचा जीव भांड्यात पडला. मग त्यांना त्याच टेबलावर उघडा पडलेला कागद आठवला. दिगंबरविरुद्ध पोलिसांत द्यायला सकाळीच लिहिलेला अर्ज. त्यांनी हजेरीचं रजिस्टर हळूच त्यावर सरकवलं.

दिगंबर उठला. दारापाशी जाऊन थांबला.

"रजिस्टरखालीही ते तसंच आहे, ताई."