चादरीवरचा खोटा साक्षीदार

आमची वस्ती म्हणजे भवानी पेठेतल्या एका दुकानात ठेवलेली सोलापुरी चादर. आमच्यात ज्याला बाजू जास्त, त्याला मान जास्त. म्हणून मधोमध मोजता येणार न्हाईत इतक्या बाजूंचे गोलसाहेब, त्यांच्याभोवती अष्टकोन, मग आमी चौकोन, आन पार काठाला त्रिकोण.

एकदा गिऱ्हाइकानं पोत बघायला चादरीचा कोपरा उचलला. त्या कोपऱ्यावर मी व्हतो आन शेजारचा अमृत त्रिकोण. आमी दोघं पहिल्यांदाच वर गेलो, आन दोघांनीबी डोळे फाडून खाली बघितलं.

खाली आल्यावर अमृत सगळ्यांना सांगाय लागला, "वर म्हणून एक दिशा हाय. तितनं बघितलं की गोलसाहेबबी आपल्यासारखेच सुताचे दिसतेत."

अष्टकोन हसले. "तीन बाजूंचं डोकं, अजून काय दिसणार त्याला?"

गोलसाहेबांनी मला विचारलं, "काय रे चौकोना, तू व्हतास की तितं. हाय का वर काय?"

माझं लग्न अष्टकोनांच्या घरात ठरत आलं व्हतं. मी म्हणालो, "न्हाय साहेब. वर काय न्हाय." खरं सांगतो, जीभ जराबी अडली न्हाय.

अमृतला वाळीत टाकलं. मीबी त्याच्याशी बोलणं सोडलं.

आज चादर विकली गेली. दुकानदारानं काठ उचलून मधे आणला आन घडी घातली. अमृत वरनं बरोबर गोलसाहेबांच्या अंगावर जाऊन पडला.

साहेबांचा आवाज लई बारीक झाला व्हता. "अमृतराव, म्हणजे तो चौकोन खोटं बोलला व्हय?"

 

"न्हाय साहेब," अमृत म्हणाला, "भ्यालेला तो. डोळे मिटून घेतले व्हते त्यानं."