नसरीनची बोटं

सकाळचं कोवळं ऊन खिडकीच्या गजांवरून सावकाश उतरलं, नसरीनच्या मांडीवरच्या सतारीवर रेंगाळलं आणि शस्त्रक्रियेच्या खोलीची काच ओलांडून तिच्या वडिलांच्या, दस्तगीरभाईंच्या, बधिर हातावर विसावलं. डॉक्टर त्या तळव्यातली गाठ काढत होते. भूल दिलेला हात परका वाटू नये म्हणून हल्ली जवळच्या माणसाच्या बोटांचा स्पर्श रुग्णाच्या मेंदूकडे वळवत; आज नसरीनच्या बोटांचा वळवला होता. सूर खुलावा म्हणून नसरीन सतारीची घोडी, तारांखालची पट्टी, घासत होती. पोरीला ते जमायचं नाही, असं दस्तगीरभाई वर्षानुवर्षं सांगत आले होते.

"अब्बा, आज तरी टोकू नका," ती काचेपलीकडून म्हणाली.

"टोकतोय कुठे? तू घास."

सतारी घडवण्याच्या चाळीस वर्षांत त्यांच्या बोटांना कधीच न लागलेला बारीकसा उंचवटा तिच्या बोटांना लागला, आणि त्यांच्यामार्फत अब्बांनाही. तिने तो उतरवला, तार छेडली; सूर भरभरून उमलला. दस्तगीरभाई डोळे मिटून हसले.

पोरीचा हात त्यांच्यापेक्षा चांगला होता.