आडवं आभाळ

"हे ते न्हाय," मल्हार म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

तरी मनिषाला बरं वाटलं. उसाच्या ट्रॉलीवरून पडून पाठीचा मणका दुखावल्यापासून तिचा नवरा 'व्हय' आणि 'न्हाय' यापलीकडे बोललाच नव्हता. उठून बसायला डॉक्टरांची मनाई. जळोची गावातल्या घरात बाजूच्या खोलीतल्या पलंगावर तो डाव्या कुशीवर पडून भिंतीकडे बघत राही. मनिषा बारामतीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिथल्या सरांनी दिवाळीच्या सुट्टीपुरता एक कॉम्प्युटर तिला घरी नेऊ दिला. गोधडीत गुंडाळून तिने तो रिक्षातून आणला, पलंगासमोर टेबलावर मांडला आणि फ्लॉपीवरून मल्हारचा जुना खेळ त्यात चालू केला. लग्नाआधी एसटी स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात तो हाच विमानांचा खेळ खेळायचा. मागे बघ्यांची गर्दी व्हायची म्हणे.

"काय चुकलं?" तिने विचारलं.

"त्या मशीनचा पडदा उभा व्हता. दारावानी."

कॉम्प्युटरचा पडदा आडवा. म्हणून मधोमध एक अरुंद पट्टी, दोन्ही बाजूंना नुसता काळोख, आणि पट्टीत माशीएवढी विमानं. मनिषाने चित्र ताणून पडदाभर केलं. मल्हारने एक डोळा उघडला.

"विमानं चेपल्यात. गोळ्या बघ, कशा लांबुळक्या झाल्यात."

तिने चित्र होतं तसं केलं. मग खटपट करून ते सबंध फिरवलं, कुशीवर निजवलं. आता ते पडदाभर मावलं आणि आकारही बिघडला नाही. फक्त मॉनिटर उचलून कडेवर उभा करायचा राहिला. तिने सासूला, बानूबाईंना हाक मारली. दोघींनी दोन बाजूंनी धरलं.

"लई जड हाय गं हे. पडलं म्हंजी?"

"थांबा," मल्हार म्हणाला. "हात लावू नगा."

दोघींनी वळून बघितलं. त्याचे दोन्ही डोळे उघडे होते.

"मला हितनं सरळ दिसतंय. फकस्त डोक्यावर उभं हाय. उलटं कर."

मनिषाला उमगायला क्षणभर लागला. तो कुशीवर होता, चित्रही कुशीवर होतं. तिने चित्र दुसऱ्या अंगाला वळवलं. मल्हारने हात पुढे काढला. तिने कीबोर्ड त्याच्या हाताशी सरकवला. बानूबाई चहा टाकायला गेल्या.

त्याचा डावा हात अंगाखाली अडकलेला. उजव्याने तो विमान चालवू लागला आणि गोळ्या मारायचं बटण मनिषाकडे आलं. पण तिला शत्रूची विमानं डाव्या कडेने आडवी येताना दिसत. वर कुठलं, खाली कुठलं, कळेना. तिने उशिरा बटण दाबलं. विमान फुटलं. परत फुटलं.

"तसं बसून न्हाय जमायचं. हितं ये. आडवी हो."

"अहो, आई आहेत घरात."

"आई चहा करतीया. ये."

तिने दाराकडे बघितलं, पदर सावरला आणि पलंगाच्या कडेला आडवी झाली. त्याच्या आड येऊ नये म्हणून जरा खाली सरकून तिने त्याच्या छातीशी डोकं टेकवलं. आभाळ एकदम उभं राहिलं. विमानं वरून येत होती, यायला हवीत तशी.

"आता मार. मार, मार! आगं, थांबती कशाला!" मल्हार हसला. पाठीत कळ गेली तसा कण्हला, आणि पुन्हा हसला.

दोन कप घेऊन बानूबाई खोलीच्या दाराशी आल्या. आत बघितलं आणि पाऊल न वाजवता मागे फिरल्या. ओसरीवर शेजारचा गेणबा आला होता, मल्हारची तब्येत विचारायला.

"जागा हाय का पोरगा?"

आतून विमान फुटल्याचा आवाज आला, पाठोपाठ दोघांचं हसणं.

"न्हाय," बानूबाईंनी एक कप त्याच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन त्या उंबऱ्यात वाट अडवून बसल्या. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."